संगणकाला वसईची बोली कळावी म्हणून

वसईच्या मासळी बाजारात सकाळच्या वेळी जो व्यवहार चालतो, त्याकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. गिऱ्हाईक टोपलीसमोर उभे राहते, बोट दाखवते आणि विचारते, "तो वाटा केवढ्याला?" कोळीण भाव सांगते. गिऱ्हाईक मान हलवून शेजारी बोट नेते, "मग हा?" कोळीण दोन बोटे वर करते. सौदा ठरतो. या संपूर्ण संभाषणात मासळीचे नाव एकदाही उच्चारले गेलेले नाही. केवळ आवाज ऐकणाऱ्यास त्यातून काही बोध होणार नाही, कारण 'तो' कोणता आणि 'हा' कोणता हे शब्दांत नाहीच. डोळ्यांनी केवळ हातवारे पाहणाऱ्यालाही विचारणा भावाची होती की ताजेपणाची, हे उमजणार नाही. शब्द आणि खूण एकत्र आल्यावरच अर्थ पुरा होतो.

माणसाच्या हे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही. संगणकाला मात्र ही गोष्ट शिकवावी लागली, आणि ती अद्याप पुरती शिकवून झालेली नाही. कळफलक आणि माऊस या दोन साधनांनी संगणकाचा वापर करावयाचा, तर माणसाला यंत्राच्या रीतीने बोलावे लागते. अक्षरओळख हवी, बहुधा इंग्रजीचीही हवी, आणि हात कोरडे हवेत. वाणी आणि हातवारे यांद्वारे संगणकाशी संवाद साधण्याच्या प्रयत्नांमागे याच्या उलट विचार आहे : यंत्राने माणसाच्या रीतीने ऐकावे. शासकीय सेवा जसजशा मोबाइलवर आणि सेवा केंद्रांतील संगणकावर येत आहेत, तसतसा हा विषय प्रयोगशाळेतून निघून ग्रामपंचायतीच्या ओटीवर आला आहे. तो तेथे नेमक्या कोणत्या स्वरूपात येतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

'ते तिथे ठेव'

शब्द आणि खूण यांची सांगड संगणकात घालण्याचा जो प्रयोग आजही प्रमाण मानला जातो, तो १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. रिचर्ड बोल्ट हे त्याचे प्रमुख होते. एका खोलीत एक खुर्ची, समोर भिंतीएवढा पडदा, खुर्चीत बसणाऱ्याच्या मनगटावर हाताची दिशा मोजणारे लहानसे उपकरण आणि तोंडाजवळ ध्वनिग्राहक, अशी ही व्यवस्था होती. पडद्यावर रंगीत आकृत्या असत. बसणारा एका आकृतीकडे हात करून "ते" म्हणे, मग दुसऱ्या जागेकडे हात नेऊन "तिथे ठेव" म्हणे, आणि आकृती त्या जागी जाई. प्रयोगाचे नावच मुळी 'ते तिथे ठेव' या अर्थाचे होते. पुढे आकृत्यांच्या जागी समुद्राचा नकाशा आणि त्यावरील जहाजे आली.

यात वापरलेले वाणी ओळखणारे यंत्र आजच्या मानाने अगदी दुबळे होते. त्याला सुमारे १२० शब्द ठाऊक होते आणि एका दमात पाचांहून अधिक शब्द त्याला झेपत नसत. हाताची दिशा मोजणारे उपकरणही अचूक नव्हते. पण दोन कच्ची साधने एकत्र आल्यावर एकाची उणीव दुसरे भरून काढते, हे बोल्ट यांनी दाखवून दिले. शब्द नीट ऐकू आला नाही तरी बोट कुठे रोखले आहे ते दिसते. बोट दोन वस्तूंच्या मध्ये पडले तर 'निळा' हा शब्द निवाडा करतो.

येथे मराठी भाषेची एक सोय नमूद करण्याजोगी आहे. पडद्यावर होडी, दिवा आणि जहाज अशी तीन चित्रे जवळजवळ आहेत आणि बोट त्यांच्यामध्येच कोठेतरी रोखले गेले आहे, असे समजा. इंग्रजीत तिन्हींना एकच दर्शक शब्द लागतो. मराठीत "ती तिथे ठेव" म्हटले की होडी, "तो" म्हटले की दिवा आणि "ते" म्हटले की जहाज. ज्या लिंगविचाराने शाळकरी मुले आणि परप्रांतीय अधिकारी सारखेच हैराण होतात, तो यंत्राच्या मात्र कामी येतो. दुसऱ्या भाषेसाठी तयार झालेली यंत्रणा जशीच्या तशी उचलून आणली, तर हा फायदा हातचा जाईल.

यंत्राचा कान

यंत्राला ऐकू येते म्हणजे काय होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बोलण्याने हवेत निर्माण होणाऱ्या लहरी ध्वनिग्राहकात विद्युतरूप घेतात. त्यांची उंची दूरध्वनीच्या पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा आणि आजच्या बहुतेक वाणी यंत्रणांत १६,००० वेळा मोजली जाते. या आकड्यांच्या प्रवाहाचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतके बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीचा आवाज किती जोराचा आहे, याचा तक्ता करण्यात येतो. यंत्राच्या दृष्टीने 'पाणी' हा शब्द म्हणजे अशा काही डझन तक्त्यांची ओळ होय. ही ओळ पूर्वी ऐकलेल्या कोणत्या ओळींशी सर्वाधिक जुळते आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या दोन अंदाजांचा मेळ घालून यंत्र आपला निर्णय देते. तो निर्णय नेहमी अंदाजच असतो. यंत्र कधीही 'ऐकू आले नाही' म्हणून आपण होऊन थांबत नाही. तशी तजवीज मुद्दाम करावी लागते. हा मुद्दा कार्यालयीन वापरात फार महत्त्वाचा आहे.

या कानाचा इतिहास पाऊण शतकाचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखू लागले, तेही ज्याच्या आवाजाला ते जुळवून घेतले असेल त्याच्याच तोंडून. आयबीएम कंपनीने १९६२ साली दाखविलेल्या यंत्राला १६ शब्द येत. कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हार्पी' या यंत्रणेने १९७६ साली हजार शब्दांचा टप्पा ओलांडला. त्या विद्यापीठात या विद्येचा पाया घालणारे राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातील. त्यांना १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या राज्यातही हे काम पुष्कळ आधी सुरू झाले होते. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जेथे देशी बनावटीचा 'टिफ्रॅक' संगणक तयार झाला, तेथेच पी. व्ही. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांतील वाणीवर संशोधन केले. हिंदी बोलणे ओळखून हिंदीतच बोलून उत्तर देणाऱ्या त्यांच्या यंत्रणेचा वृत्तान्त १९९३ साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतर पद्धत पालटली. उच्चारांचे नियम तज्ज्ञांनी लिहून देण्याऐवजी हजारो माणसांचे ध्वनिमुद्रित बोलणे आणि त्याचा लिखित मजकूर यंत्रासमोर ठेवावयाचा आणि जुळणी त्याने स्वतःच शिकावयाची, असा मार्ग रूढ झाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील झपाट्याची प्रगती याच मार्गाने झाली आहे. परंतु त्याबरोबर एक अट येऊन बसली. ज्यांचे बोलणे यंत्राला ऐकवले, त्यांचेच त्याला चांगले कळते.

मराठीच्या बाबतीत काही अडचणी भाषेतच आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतील च वेगळा, पण लिपीत चिन्ह एकच. त्यामुळे मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या यंत्राला प्रत्येक शब्दाचा उच्चार वेगळा शिकवावा लागतो. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पाऊण, साडेतीन हे बाजारातले रोजचे आकडे. २५० हा आकडा 'दोनशे पन्नास' म्हणूनच शिकलेले यंत्र 'अडीचशे' ऐकून गोंधळते. 'परवा' या शब्दाची गोष्ट तर आणखी मजेची आहे. तो दोन दिवसांपूर्वीचाही आणि दोन दिवसांनंतरचाही. "परवा अर्ज दिला" आणि "परवा अर्ज देईन" यांत फरक क्रियापदाने होतो, आणि क्रियापद मराठी वाक्यात शेवटी येते. यंत्राने घाई केली की तारीख चार दिवसांनी चुकलीच.

एक तालुका, अनेक मराठी

पुस्तकी मराठीच्या या अडचणी आज बऱ्याच अंशी दूर होत आहेत. खरा प्रश्न त्यापलीकडचा आहे, आणि तो वसई तालुक्याइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. रेल्वेमार्गाच्या कडेने उभ्या राहिलेल्या वस्तीत देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे आहेत. पण मार्गाच्या पश्चिमेस, समुद्र आणि बागायती यांच्यामधल्या जुन्या गावांतून काही कोसांच्या अंतरात मराठीचीच किती रूपे नांदतात ! सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी, या समाजांत सामवेदी किंवा कादोडी बोलली जाते. वाडवळांची वाडवळी वेगळी. पाचूबंदर, अर्नाळा येथील कोळ्यांची बोली वेगळी, आगऱ्यांची वेगळी, आणि पूर्वेकडे डोंगराच्या बाजूस वारली व इतर आदिवासींच्या बोली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात, १९०५ साली, यांपैकी बहुतेकींचे स्वतंत्र नमुने नोंदलेले आहेत. म्हणजे हे वैविध्य शासनदप्तरी सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. याच पट्ट्यातील नंदाखाल गावी जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. या गावांना प्रमाण मराठी परकी आहे, असे कोणी समजू नये. मात्र घरातली, बंदरावरची आणि वाडीतली भाषा ती नव्हे.

कोळी आणि आगरी बोलीत पाणी 'पानी' होते, गाडी 'गारी' होते आणि होडी 'होरी' होते. मनुष्य श्रोता दोन वाक्यांत याला सरावतो. यंत्राच्या तक्त्यांत मात्र 'होरी'चे चित्र 'होडी'पेक्षा 'होळी'च्या अधिक जवळ जाऊ शकते. मग होडीच्या नुकसानीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला सणाच्या सुट्टीचे उत्तर येते. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. विचारणारी व्यक्ती दुसऱ्यांदा विचारते, तिसऱ्यांदा आवाज चढवते आणि मग आपलेच बोलणे अशुद्ध आहे असे समजून गप्प बसते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी जी सोय केली, तिने सर्वांत आधी त्यांनाच दारातून परत पाठवले, असा याचा अर्थ होतो.

गावांच्या आणि माणसांच्या नावांत ही अडचण सर्वांत तीव्र होते. नालासोपाऱ्याजवळचे 'गास' हे गाव यंत्राला 'घास' किंवा 'गॅस' वाटू शकते. 'निर्मळ' हे गावाचे नाव आहे की विशेषण, हे त्याला कसे कळावे? 'वाघोली' म्हटले की पुण्याजवळची मोठी वाघोली त्याने पुष्कळदा ऐकलेली असते, आणि वसई तालुक्यातील वाघोलीचा रहिवासी पुण्याच्या यादीत जाऊन बसतो. तुस्कानो, घोन्साल्विस, परेरा ही वसईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आडनावे मराठी शब्दसंग्रहावर शिकलेल्या यंत्राला अनोळखी असतात. नावातील एका अक्षराच्या चुकीमुळे दाखले अडून राहतात, हे तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकास ठाऊक आहे. ती चूक पूर्वी माणूस करी आणि माणूसच सुधारी.

आवाज गोळा करण्याचे काम

यावर उपाय एकच : त्या त्या लोकांचे आवाज यंत्राच्या शिक्षणात सामील करणे. महाराष्ट्रात हे काम अनेक बाजूंनी झाले आहे. २०१० नंतरच्या वर्षांत केंद्र शासनाच्या साह्याने सहा भारतीय भाषांत एक योजना राबविण्यात आली. शेतकऱ्याने फोन करावा, बाजारपेठ आणि शेतमाल यांची नावे बोलून सांगावीत आणि त्या दिवसाचा भाव आवाजातच ऐकावा, अशी ती कल्पना होती. मराठीचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांजकडे होते. त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. शब्दसंग्रह मर्यादित ठेवल्याने, म्हणजे मालाची व गावांची नावे एवढाच ठेवल्याने, काम आवाक्यात राहिले. लहान आणि ठरीव कामासाठी वाणीचा उपयोग आधी करावा, हा त्यातला धडा आजही लागू आहे.

पण आवाज कोणाचा घ्यावयाचा? विद्यापीठातील विद्यार्थी सहज मिळतात, म्हणून बहुतेक संग्रह त्यांच्याच आवाजाचे होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मराठी अभ्यासाने या प्रथेला सरळ हात घातला. ग्रामीण भागातील अल्प उत्पन्न गट, शहरातील अल्प उत्पन्न गट आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून मोबाइलवर मराठी वाक्ये वाचून घेण्यात आली आणि एकंदर १०९ तासांचे ध्वनिमुद्रण जमले. कामाचा मोबदला देण्यात आला. गरीब गटांतील लोकांनी केलेल्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा भरला. वसईच्या बंदरावरील किंवा पूर्वेकडील पाड्यांतील माणसांकडून असे काम होणार नाही, ही सबब या अभ्यासानंतर उरत नाही. त्यात एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. वाचून दाखविलेले वाक्य आणि सहज बोललेले वाक्य यांत अंतर असते. छापील 'गाडी' वाचणारा कोळी तरुण 'गाडी'च म्हणेल. घरी तो 'गारी' म्हणतो. बोली हवी असेल तर गप्पाच मुद्रित कराव्या लागतात.

पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे मराठी बोलींचे सर्वेक्षण या दृष्टीने मोलाचे आहे. त्यात गावोगावच्या लोकांचे सहज बोलणे ध्वनि-चित्रमुद्रित करून ते सर्वांना पाहता येईल अशा संग्रहात ठेवले जात आहे. ते भाषाशास्त्रासाठी केलेले असले तरी कोणता उच्चार कोठे बदलतो, हे यंत्र घडविणाऱ्यांना त्यातून समजते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने शेती व वित्तव्यवहार या विषयांवरील वाणीसंग्रहाचा जो प्रकल्प हाती घेतला, त्यातील नऊ भाषांत मराठीचा समावेश आहे. केंद्र शासनाच्या २०२२ पासूनच्या 'भाषिणी' उपक्रमात 'भाषादान' या नावाने कोणाही नागरिकास आपल्या भाषेतील आवाज देता येतो. राज्याच्या कृषी विभागाच्या २०२५ साली सुरू झालेल्या 'महाविस्तार' या मोबाइल सेवेत शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. पैशांच्या व्यवहारात मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे देण्याची. ही दुसरी सोय आरंभी हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होती.

खुणेची बाजू

वाणीची इतकी चर्चा होत असताना खुणेकडे दुर्लक्ष होते, हे योग्य नाही. समुद्रात यंत्रहोडीचा आवाज चालू असता नाखवा खलाशाशी हातानेच बोलतो. तेथे बोलका मोबाइल निरुपयोगी ठरेल. कार्यालयातील परिस्थिती याहून फार निराळी नसते. शिवाय एक नाजूक बाब आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दहा माणसे बसलेली असताना आजारपणाची, कर्जाची किंवा घरातल्या छळाची गोष्ट यंत्रापुढे मोठ्याने बोलण्यास कोणती स्त्री धजेल? वाणी सोपी आहे, पण ती खासगी नाही. चित्रावर बोट ठेवणे हे शांतपणे होते.

बोटाच्या हालचालीचा मराठीसाठी झालेला एक उत्तम उपयोग मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातून आला. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक उपलब्ध करून दिला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. 'क'वर बोट टेकले की त्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमटते. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले की अक्षर लिहिले जाते. इंग्रजी अक्षरांच्या आधाराने मराठी लिहिण्याची कसरत त्यात करावी लागत नाही. बाराखडी शिकलेल्या मुलाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही. याच केंद्रात शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी पुढे परदेशात केलेला, हाताच्या हालचालींवर चालणाऱ्या अंगावरील उपकरणाचा प्रयोग २००९ साली जगभर गाजला. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या 'किनेक्ट' या कॅमेऱ्याने तर शरीराला काहीही न बांधता हातवारे ओळखणे घरगुती खेळापर्यंत आणून पोहोचवले.

कर्णबधिरांसाठी मात्र खूण ही पर्यायी सोय नसून भाषाच आहे. २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या अखेरीस येतो आणि अर्थाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. म्हणूनच हातमोज्यात तारा बसवून सांकेतिक भाषेचे भाषांतर करणारी यंत्रे वृत्तपत्रांतून वरचेवर झळकली, तरी ती वापरात टिकली नाहीत. मोजा भुवया वाचत नाही. ज्या सेवा केंद्रात केवळ बोलका संगणक बसविला जाईल, तेथे कर्णबधिर नागरिकाची गैरसोय पूर्वीपेक्षा वाढेल, हे खरेदीच्या वेळीच लक्षात घेतले पाहिजे.

कार्यालयात आणि शाळेत

अशी यंत्रणा स्वीकारताना अधिकाऱ्याने विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न "किती भाषा येतात?" हा नसावा. "या तालुक्यातल्या किती माणसांवर ती तपासली?" हा असावा. चाचणी मुंबईच्या वातानुकूलित खोलीत न होता बाजाराच्या दिवशी, पंखा चालू असताना आणि साठीपुढच्या कोळीण बाईंच्या, वारली तरुणाच्या, कादोडी बोलणाऱ्या आजोबांच्या आवाजात व्हावी. शंभरांपैकी किती शब्द चुकले ते प्रत्येक गटासाठी वेगळे मोजावे. सरासरीचा आकडा फसवा असतो, कारण त्यात चांगले कळलेल्यांच्या आड न कळलेले दडून जातात. यंत्राने ऐकलेले परत बोलून दाखवावे, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावे आणि होकार मिळाल्याखेरीज अर्ज पुढे पाठवू नये. दोनदा चुकल्यावर काम आपोआप माणसाकडे जावे. नाव, गाव आणि रक्कम या तीन गोष्टी तर केवळ आवाजावर कधीही सोडू नयेत; गावांची यादी चित्रासारखी पडद्यावर यावी आणि नागरिकाने बोट ठेवावे. बोल्ट यांच्या प्रयोगाचे मर्म येथे फार स्वस्तात वापरता येते.

शिक्षकांपुढील प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलांचे प्रकट वाचन ऐकून त्याचे मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणा आता तयार झाल्या आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. प्रीती राव यांच्या मार्गदर्शनाखाली या विषयावर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन ऐकणे एका शिक्षकास अशक्यप्राय असते, तेव्हा हे साहाय्य स्वागतार्हच आहे. मात्र 'पाणी' हा शब्द ओळखून, अर्थ समजून, 'पानी' असा वाचणारे मूल आणि शब्दच न ओळखणारे मूल यांना एकाच रकान्यात चूक म्हणून नोंदवले गेले, तर बंदरावरच्या शाळेचा निकाल विनाकारण खाली जाईल. असा अहवाल हाती आल्यास मुख्याध्यापकाने चार-दोन मुलांचे ध्वनिमुद्रण स्वतः ऐकून पाहावे. उच्चाराचा संस्कार करणे हे शाळेचे काम आहेच. पण बोलीला निरक्षरता समजणे ही वेगळी गोष्ट होय.

आवाज देणाऱ्यांच्या हक्काचाही विचार हवा. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली अधिनियम संमत केला. संमतीवाचून विदा घेऊ नये आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे. आवाजावरून माणूस ओळखू येतो. म्हणून शाळेत किंवा पाड्यावर कोणी ध्वनिमुद्रणासाठी आले, तर ते कोणासाठी, कशासाठी, किती काळ ठेवणार आणि मोबदला काय, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय परवानगी देऊ नये.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राची वाट न पाहता करण्यासारखे आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि प्रभागाने आपल्या हद्दीतील गावे, पाडे, आळ्या, बंदरे, तळी आणि बावखले यांची नावे लिहून काढावीत. प्रत्येक नाव दोन-तीन वृद्ध आणि दोन-तीन तरुण रहिवाशांकडून, त्यांच्या रोजच्या उच्चारात, साध्या मोबाइलवर मुद्रित करून घ्यावे. सातवी-आठवीच्या मुलांना ही यादी एका सत्रात पुरी करता येईल, आणि घरोघरी जाऊन ती करताना त्यांना बावखल म्हणजे काय हेही पुष्कळदा प्रथमच पाहायला मिळेल. यादीच्या वहीत गाव, नाव, बोलणाऱ्याचे वय, घरची बोली आणि संमतीची सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरेत.